झाकलेली चौकट

४ जानेवारी २०२५, शनिवार

आज दक्षताला कामावरून काढलं.

सकाळी ठाण्याच्या मानाने बरीच थंडी होती. स्वेटर काढायला लोखंडी कपाट उघडलं, तर खालचा कप्पा रिकामा. माझा कंपनीतला बाटलीहिरवा स्वेटर नाही, साकेतचा शाळेतला निळा नाही, मोहरी रंगाचा बिनबाह्यांचा नाही. आणि मंदाकिनीचा डाळिंबी, तिच्या आईने विणलेला, तोसुद्धा नाही. चार स्वेटर पंख फुटून उडाले म्हणायचं का? मंदाकिनी जूनमध्ये गेली, साकेत बंगळूरला. या घरात आता मी, आणि रोज दीड तास येणारी दक्षता. दुसरं कोण?

बत्तीस वर्षं मी वागळे इस्टेटमध्ये स्टोअरकीपर होतो. सुटीचा भोंगा झाला की फाटकावर पिशव्या तपासायचं कामही माझ्याकडेच. निर्दोष माणूस आरडाओरडा करतो आणि चोर गप्प उभा राहतो, हे मी तिथे रोज पाहिलं. दक्षता ओरडली नाही. पोळपाट पुसत राहिली. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाली, "मना म्हायती हाय काका, स्वेटर कुठं हायत. पन मी चोरले नाय."

"मग कुठे आहेत?"

गप्प. पुढे दहा मिनिटं मी काय काय बोललो, ही आपली खाली मान घालून उभी. यापेक्षा वेगळा पुरावा कोणता हवा? जाताना किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणते, "काकूंचा डबा माज्याकडं हाय. आनून देते." म्हणजे डबासुद्धा!

सेक्रेटरी या नात्याने सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नावानिशी लिहिलं की हिला कामावर ठेवताना विचार करावा. हॉस्पिटलात मंदाकिनीचा चष्मा असाच गेला, वॉर्डबॉयने लांबवला असणार. तेव्हा मी काही बोललो नव्हतो. आता बोलायचं ठरवलं आहे.

६ जानेवारी, सोमवार

ए-१०१ आणि बी-२०४ यांनीही दक्षताला काढलं. तिची आपल्या सोसायटीतली तिन्ही घरं गेली. कर्तव्य केल्याचं समाधान आहे. पोहे कच्चे राहिले.

सोमवारची दुपार फार लांबते. मंदाकिनी सोमवारी महादेवाला आणि गुरुवारी दत्ताला जायची. शेवटच्या दीड वर्षात एक वार चुकवला नाही. गुडघे इतके धरलेले, तरी रिक्षा नको. म्हणायची, "देवाला जाताना गुडघे दुखत नाहीत." दोन तासांनी घामाघूम होऊन यायची आणि माझ्या हातावर साखरफुटाणे ठेवायची.

तर करमेना म्हणून मागच्या गॅलरीत बसलो. आमच्या भिंतीपलीकडे कोळीवाड्याची जाळी दुरुस्त करायची शेड आहे. तिथे जाळी नव्हती. दहा-बारा बायका लाकडी चौकटी मांडीवर घेऊन काहीतरी विणत होत्या. मधोमध आमच्या बी विंगमधली क्षिप्रा! चांगली शिकलेली, घरून नोकरी करणारी मुलगी. हिचं तिकडे काय काम? कुठेतरी पाणी मुरतंय.

भिंतीतलं मागचं फाटक मीच तीन वर्षांपूर्वी कुलूप घालून बंद केलं. कोळीवाड्यातले लोक स्टेशनला जायला आमच्या आवारातून जात. आज जाऊ दिलं की उद्या वहिवाट लागते, मग कोर्टात सिद्ध करत बसा. शिवाय सुकटीच्या टोपल्यांचा वास. मंदाकिनीला ते कुलूप आवडलं नव्हतं, दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. पण सेक्रेटरीने सगळ्यांची मनं राखायची म्हटलं तर सोसायटी चालायची नाही.

९ जानेवारी, गुरुवार

क्षिप्राला लिफ्टमध्ये गाठलं. सरळ विचारलं. म्हणाली, जुन्या स्वेटरांची लोकर उसवून पट्ट्या विणतात, त्या जोडून एक मोठी सतरंजी करणार आणि होळीला तिच्यावर सोसायटीची आणि कोळीवाड्याची माणसं एकत्र बसणार. "फाटक बंद झाल्यापासून कोणी कोणाशी बोलतच नाही ना, काका."

"आणि हे सोमवार-गुरुवारच का?"

"त्या दिवशी मासळी खपत नाही. बायका मोकळ्या असतात."

प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार. इतकी तयार उत्तरं मला आवडत नाहीत. लिफ्ट थांबल्यावर म्हणाली, "तुम्ही एकदा या ना तिथे. खरंच या." डोळ्यांत पाणी आल्यासारखं वाटलं. माझ्याशी बोलताना डोळ्यांत पाणी यायचं कारण काय? काहीतरी लपवते आहे.

दुपारी साकेतची जुनी दुर्बीण काढली. शेडमध्ये दोरीवर धुतलेल्या लोकरीच्या लडी वाळत होत्या. उसवलेली लोकर कुरळी होते, ती सरळ व्हावी म्हणून प्रत्येक लडीला जाळ्याची शिशाची वजनं बांधलेली. युक्ती चांगली आहे, नाही म्हणत नाही. पण तिसरी लड बाटलीहिरवी! तो रंग मी बत्तीस हिवाळे अंगावर घातला आहे. दुसरा कुठलाही हिरवा दाखवा, मी फसणार नाही.

दक्षताच्या सासूचं, शेवंतीचं, घर शेडला लागूनच आहे. दुवा जुळला.

१३ जानेवारी, सोमवार

शिकायच्या निमित्ताने आत शिरायचं ठरवलं. फाटक बंद, त्यामुळे पुढच्या रस्त्याने, बाजाराकडून, नाल्याच्या कडेने वळसा घालून जावं लागतं. घड्याळ लावून अठरा मिनिटं. शेवटचा चढ वाईट आहे. वाटेत एका दुकानाच्या पायरीवर बसलो तर दुकानदार म्हणाला, "बसा. इथं सगळेच टेकतात."

मी शेडमध्ये पाऊल ठेवलं आणि बायका एकदम गप्प झाल्या. बारा तोंडं बंद. आणि कोपऱ्यात एक चौकट, तिच्यावर निळ्या साडीचा तुकडा टाकून झाकलेली. बाकी सगळ्या उघड्या, हीच का झाकलेली? मी बघतो आहे हे लक्षात येताच शेवंती मध्ये येऊन उभी राहिली. साठीची बाई, आवाज कोळिणीचा. "आलाव भाऊ? बरा केलाव. बसा." चहा दिला आणि पत्र्याच्या डब्यातून साखरफुटाणे. चहाबरोबर साखरफुटाणे कोण देतं? म्हणाली, "आमाला सवय लागलीय त्याची." कसली सवय, ते सांगितलं नाही. ताकास तूर लागू देत नाहीत.

दक्षता नव्हती. मला पाहून मागच्या दाराने गेली असावी.

मला एक चौकट दिली. उभे धागे ताणलेले, त्यातून जाळ्याच्या बांबूच्या सुईने आडवा धागा एकदा वरून, एकदा खालून न्यायचा. तपासाचा भाग म्हणून चार ओळी घातल्या. शेवंती म्हणाली, "जोरान वढू नका. काठ आत येतो." मी ओढत नव्हतो.

१६ जानेवारी, गुरुवार

अकरा ओळी. काठ आत आला नाही.

तिळगूळ मिळाला. हिरवी लोकर कुठून आली, असं सहज विचारल्यासारखं विचारलं. "आली कोनाकडनं तरी," शेवंती म्हणाली आणि क्षिप्राकडे बघितलं. क्षिप्राने जमिनीकडे बघितलं. मग उठता उठता मी त्या झाकलेल्या चौकटीच्या साडीला हात लावला. बारा बायकांचे हात थांबले. शेवंती शांतपणे म्हणाली, "त्याला अजून हात नको, भाऊ. घरचा मानूस येईल तवाच ती उघडायची."

कोणाच्या घरचं माणूस? माल नेणारा दलाल असणार.

१९ जानेवारी, रविवार

२ फेब्रुवारीच्या सभेची नोटीस काढली. विषय क्रमांक तीन: मागचे फाटक काढून तेथे पक्की भिंत बांधणे. मीच मांडणार. त्याआधी पुरावा हाती हवा.

साकेतचा फोन. दक्षताचं सांगितलं तर म्हणाला, "बाबा, तिला आईबद्दल विचारलंत का काही?" आईचा काय संबंध? म्हटलं, तुला काही माहीत आहे का? "मला नक्की माहीत नाही. आई फोनवर फार खूश असायची, एवढंच." चोरी बाजूला आणि हा भलतंच बोलत बसला. आता मुलगाही त्यांच्या बाजूने.

२३ जानेवारी, गुरुवार

आज मंदाकिनीचा वाढदिवस. असती तर अडुसष्ट. तिच्या नावाने अभिषेक करावा म्हणून दत्ताच्या देवळात गेलो. गुरुजींना म्हटलं, दर गुरुवारी यायच्या त्या मंदाकिनीबाई, त्यांच्या नावाने. गुरुजी विचारतात, "कोण हो?"

दीड वर्षं दर गुरुवारी येणारी बाई! मी वर्णन केलं. उंच, चष्मा, गुडघ्यामुळे डावीकडे झुकून चालायची. नाही आठवत म्हणाले. बाहेरच्या फुलवालीला विचारलं, तीही मान हलवते. हट्टाने महादेवाच्या देवळात गेलो. तिथेही तेच. देवळातल्या लोकांना पावतीपुरती माणसं लक्षात राहतात.

अभिषेक केला नाही. घरी येऊन गॅलरीत बसलो. मग ते साखरफुटाणे कुठून यायचे?

ती कुठे जात होती, हा प्रश्न आज पहिल्यांदा डोक्यात आला आणि मी तो ताबडतोब बाहेर काढला. मेलेल्या बायकोवर संशय घेण्याइतका मी घसरलेलो नाही.

२५ जानेवारी, शनिवार

प्रश्न बाहेर गेलेला नाही.

२७ जानेवारी, सोमवार

नऊ ओळी. हात चालत नव्हता. क्षिप्राने ग्रुपवर सभेची नोटीस वाचली असणार, पण एक शब्द बोलली नाही. जाताना शेवंतीने विचारलं, "भिंत खरंच घालनार काय, भाऊ?" मी म्हटलं, सभा ठरवेल. ती म्हणाली, "दक्षताला आता कोपरीपल्याडची कामं धरावी लागलीत. लांब पडतं तिला. लेकरू ल्हान हाय." मला ऐकवायलाच म्हणाली.

परवा बुधवार. बुधवारी मासळीचा धंदा जोरात असतो, शेडमध्ये कोणी नसतं. दलाल येण्याआधी मीच साडी उचलून बघणार.

२९ जानेवारी, बुधवार

जे घडलं ते घडलं तसं लिहितो.

दुपारी तीनला पोचलो. शेड रिकामी. कोपऱ्यात जाऊन साडीचा तुकडा उचलला.

आत हातभर विणलेली पट्टी होती. बाटलीहिरवा, शाळेचा निळा, मोहरी, डाळिंबी. चारी स्वेटर माझ्यासमोर होते. सापडले म्हणून मी खूशही झालो, क्षणभर. मग दिसलं की चौकटीच्या खिळ्याला दोरीने एक चष्मा लटकवलेला आहे. डाव्या दांडीला मी स्वतः गुंडाळलेली तांब्याची तार. मंदाकिनी शेवटची आजारी पडली ती शुक्रवारी पहाटे. आदल्या दिवशी गुरुवार होता. म्हणजे चष्मा हॉस्पिटलात गेलाच नव्हता, इथेच राहिला होता.

मागून दक्षता आली. हातात आमचा डबा. मला बघून ती दचकली नाही, फक्त डबा खाली ठेवला.

"काकूंचा हाय," ती म्हणाली. "फुटाणे त्या त्याच्यात आनायच्या. सगल्यांना वाटायच्या, उरले तर तुमाला न्यायच्या."

मी विचारलं, स्वेटर तिनेच आणले?

"आमी दोघींनी मिलून उसवले तुमच्या सैपाकघरात. तुमी झोपायचाव दुपारचे, तवा. काकू बोलल्या, काकांना सांगशील तर माजी शप्पत हाय. सतरंजी झाली का मी सोता नेऊन दाखवते, मग फाटकाचं बोलते."

"अगं, पण मी तुला चोर म्हटलं! ग्रुपवर नाव घातलं! तिन्ही घरं गेली तुझी. तेव्हा तरी बोलायचंस."

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी मूर्ख आहे. "कामावरनं काढल्यावर शप्पत सुटते का, काका?"

मग शेवंती आली. तिने सांगितलं की जाळं विणताना माणूस गेला तर त्यांच्या घरात ते अर्धं जाळं कोणी पुढे विणत नाही. गेलेल्याच्या घरचं माणूस येऊन एक ओळ घालतं, मगच इतरांचे हात लागतात. "तुमाला बोलवायचं तर कसं? तुमी कुलूप घालनारे. क्षिप्रा रोज बोलायची, काका येतील. तुमी आलाव तवा वाटलं, कलला तुमाला. मग समजलं, नाय कललं."

मला घरी येतानाचा रस्ता आठवत नाही. त्या दुकानाच्या पायरीवर मात्र बसलो. दुकानदार म्हणाला, "बऱ्याच दिवसांनी टेकलात." मग म्हणाला, "पलीकडच्या एक बाई यायच्या. उंच. दोन वेळा बसल्याशिवाय चढ चढवायचाच नाही त्यांना. येतात का हो अजून?"

ते कुलूप मी घातलं. ती दीड वर्षं, आठवड्यातून दोनदा, त्या गुडघ्यांनी, एप्रिल-मेच्या उन्हात माझ्या कुलपाला वळसा घालत होती. आणि घरी येऊन देव सांगत होती. मी रडलो. हे लिहायला लाज वाटते, पण न लिहिण्याची जास्त वाटेल.

३० जानेवारी, गुरुवार

गेलो नाही. गॅलरीतही बसलो नाही.

ती माझ्याशी खोटं बोलली याचा राग येतो. मग खरं बोलली असती तर मी काय केलं असतं, हे मला माहीत आहे. आणखी एक कुलूप आणलं असतं.

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी ग्रुपवर लिहिलं: "दक्षताबद्दल मी लिहिलेला मजकूर साफ खोटा होता. स्वेटर माझ्या पत्नीने स्वतः दिले होते. दक्षताला ते ठाऊक असून तिने दिलेला शब्द पाळला. मी तिची माफी मागतो." लिहायला तासभर लागला. एकेचाळीस जणांनी वाचलं. उत्तर फक्त क्षिप्राचं, हात जोडलेले.

सभा अकराला. विषय तीन मागे घेतो म्हटलं, आणि फाटक उघडायचा ठराव मांडला. एकच गलका. ए विंगचा ऋतुराज उभा राहिला. "भाऊ, कालपर्यंत तुम्ही वहिवाट, वहिवाट करत होता. एका आठवड्यात काय झालं? तिकडून काही मिळालं का तुम्हाला?" काही जण हसले. काही जण हसले नाहीत, त्यांना तो प्रश्न खरा वाटला होता. मी त्याच्याकडे पाहिलं, तर तो अगदी माझ्यासारखाच बघत होता. डोळे बारीक करून, पिशवीत काय आहे ते शोधत.

आरडाओरडा करावासा वाटला. पण मी गप्प उभा राहिलो. काय सांगणार होतो?

मग म्हटलं, "हो, मिळालं. हातभर विणलेली पट्टी आहे, माझ्या बायकोची. ती या फाटकातून गेली असती तर पट्टी कदाचित पूर्ण झाली असती." ठराव दोन मतांनी पास झाला. ऋतुराजने विरोधात मत दिलं. त्याच्या जागी मी असतो तर मीही दिलं असतं.

कुलूप गंजलेलं. खोबरेल घातलं, किल्ली फिरेना. शेवटी चौकीदाराने हातोडीने तोडलं.

३ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी फाटकातून गेलो. शेडमध्ये सगळ्या होत्या, दक्षतासुद्धा. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि सर्वांदेखत माफी मागितली. ती म्हणाली, "ऱ्हावू दे काका." मी म्हटलं, उद्यापासून ये कामावर. तिने मान हलवली.

"तुमच्याकडं नाय यायची मी. बाकीची घरं बोलावतील तर जाईन. तुमच्या सैपाकघरात मी एकटी उभी ऱ्हायले का मना ते दहा मिनिटं आठवतील."

हे मला मान्य करावं लागलं. घासाघीस करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

शेवंतीने साडी काढली. दक्षताने डब्यातून डाळिंबी लोकरीचा गुंडा दिला, मंदाकिनीने गुंडाळलेला, शेवटचं टोक नेहमीसारखं आत खोचलेलं. ते टोक मी बाहेर काढलं. एकदा वरून, एकदा खालून. एक ओळ घातली. वाकडी आली, काठ आत ओढला गेला. उसवून पुन्हा घालू का विचारलं, तर शेवंती म्हणाली, "नको. तशीच ऱ्हावू दे. कोनाची हाय ते कलू दे." मग चौकट हातोहात फिरली आणि प्रत्येकीने एकेक ओळ घातली. दक्षताने माझ्या ओळीला लागून घातली. ती सरळ आली.

साखरफुटाणे मी नेले होते. उरले नाहीत.

आमच्या जिन्यापासून शेडपर्यंत फाटकातून अठ्ठ्याऐंशी पावलं. जाताना मोजली. विश्वास बसेना, म्हणून येताना पुन्हा मोजली.